फिली यो जिवंत आहे काय?

मित्रांनो, तीनशे वर्षं मी एकाच जागी उभी आहे, पण स्वभावानं म्हणाल तर मला एक क्षण दम धरवत नाही! मी आहे इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातली, हॅझलकूम गावची एक जुनी कॉटेज. लाल माती, पेंढा आणि शेण कालवून, ते बैलांकडून तुडवून घेऊन, थरावर थर चढवत माझ्या भिंती उभ्या केल्या. खाली दगडी पाया, वर गव्हाच्या काडाचं जाड छप्पर. आमच्याकडे म्हणतात, मातीच्या घराला डोक्यावर चांगली टोपी आणि पायात चांगले बूट द्या, मग त्याला मरण नाही. साफ खोटं! टोपी होती, बूट होते, तरी मी एकदा मरता मरता वाचले. ती गोष्ट कधी एकदा सांगते असं मला झालं आहे.

पण आधी माझ्या मालकांचं सांगायला हवं. आज माझ्या कागदांची चळत पाहिलीत तर त्यात चौदा नावं सापडतील. आमच्या गावात मात्र पूर्वी घरात राहणारा घराचा मालक नसे. सगळी घरं हवेलीच्या जमीनदारांची. राहणाऱ्याला मिळायचा तो 'तीन जिवांचा' कागद. म्हणजे काय, तर कागदावर तीन माणसांची नावं लिहायची. त्या तिघांतला एक जरी जिवंत असला तरी घर तुमचं. तिसरा गेला, की घर हवेलीचं. नावं कुणाचीही घाला, घरातली घाला नाहीतर शेजारची घाला, हवेलीला त्याचं काही नव्हतं.

माझ्यात पहिला राहायला आला तो विजर नावाचा मेंढपाळ. त्यानं स्वतःचं आणि आपल्या दोन मुलांचं नाव घातलं. देवीची साथ आली आणि नऊ दिवसांत तिघेही गेले. दहाव्या दिवशी त्याची बायको चार भांडी पाठीला बांधून माझ्या दारातून बाहेर पडली. तिचं नाव कागदावर नव्हतंच ना! मला हात असते तर मी तिचा घागरा धरून ठेवला असता.

ही विजरची कथा गावात सगळ्यांना ठाऊक होती. म्हणूनच पुढे डिगरी लक्स्टन माझ्यात राहायला आला तेव्हा त्यानं फार डोकं चालवलं. डिगरी शेताची कुंपणं विणायचा. माणूस प्रेमळ, पण हिशेबी. पहिलं नाव त्यानं स्वतःचं घातलं, दुसरं धाकट्या भावाचं, हम्फ्रीचं. तिसरं नाव अर्थातच तान्ह्या लेकीचं, थॉमसीनचं, असं सगळे धरून चालले होते. पण थॉमसीन म्हणजे मूठभर जीव. सारखी निळी पडायची.

तेवढ्यात काय झालं, शेजारच्या यो कुटुंबातली सात वर्षांची फिली साळुंकीचं घरटं बघायला माझ्या छपरावर चढली आणि वरून थेट अंगणातल्या फरशीवर आपटली! मला वाटलं, संपलं. पण फिली उठली, गुडघे झटकले आणि साळुंकीला अशा काही शिव्या दिल्या की डिगरी तोंडाचा आ वासून बघतच राहिला. गेल्याच महिन्यात ती विहिरीत पडून वर आली होती, आणि त्याच्या आधी बैलानं तिला उचलून कुंपणावर फेकली होती.

डिगरीनं टोपी घातली आणि तो हवेलीकडे निघाला.

"अहो, निघालात कुठे?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"तिसरं नाव घालायला. फिलीचं."

"पोटची पोर सोडून शेजारणीची कार्टी? लाज नाही वाटत?"

"लाजेनं छप्पर टिकत नाही गं! हिचा काय भरवसा? आणि ती फिली कुऱ्हाडीनं मरायची नाही."

झालं! त्या दिवसापासून माझा जीव फिली यो नावाच्या एका वांड मुलीत अडकला. राक्षसाचा जीव पोपटात असतो ना, अगदी तसा. आणि हा पोपट एक दिवस स्वस्थ बसेल तर शपथ! डिगरी डोळ्यात तेल घालून तिच्यावर पहारा करी. तिला शिंक आली की हा गरम दूध घेऊन धावे. ताप आला तर तिची आई झोपे, पण हा तिच्या उशाशी बसून राही.

फिलीला हे कळायला कितीसा वेळ लागणार? रोज सकाळी ती माझ्या दारात उभी.

"डिगरीकाका, साय देता की जाऊ झाडावर चढायला?"

"देतो, देतो! बस खाली. आणि तो पाय आधी कोरडा कर."

डेव्हनची घट्ट साय, मित्रांनो! पावावर बोटभर जाड थर. थॉमसीन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत असे. तिलाही मिळायची, नाही असं नाही. पण नंतर. तिला तेवढं समजायला लागलं तेव्हा एकदा तिनं बापाला विचारलंसुद्धा, "बाबा, माझं नाव का नाही घातलंत?" डिगरीनं कुंपणाची काठी तासायला घेतली. मला फार वाईट वाटलं. भिंतींना बोलता येत नाही याचा राग मला तेव्हा पहिल्यांदा आला.

मूठभर थॉमसीन मात्र जगली. मांडीवर गोल उशी घेऊन, त्यावर टाचण्या टोचून, लाकडी फिरक्या खुळखुळवत ती लेस विणायला शिकली. हात असे चालत की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. आणि फिली? ती बावीस वर्षांची झाली आणि टीनमथ बंदरातल्या एका खलाशाशी लग्न करून न्यूफाउंडलंडला निघाली. समुद्रापलीकडे, मासे खारवायला!

डिगरीच्या हुशारीत चूक होती ती हीच. दणकट जीव निवडला खरा, पण दणकट पोर घरात बसत नाही हे त्याच्या लक्षातच आलं नाही. तो तिच्या गाडीमागे पार पुलापर्यंत धावला.

"अगं, निदान पोहायला तरी शीक!" तो ओरडला.

"साय पाठवा, मग शिकते!" फिली गाडीतून ओरडली. सगळं गाव हसलं. डिगरी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला.

सुरुवातीला दर शरद ऋतूत माशांची जहाजं परत आली की कुणीतरी खलाशी निरोप आणायचा, फिली ठीक आहे, फिलीनं अमक्याला चोपलं. मग निरोप थांबले. एक वर्ष गेलं, तीन गेली, सात गेली. डिगरी म्हातारा होऊन गेला. हम्फ्री जत्रेत सफरचंदाची दारू पिऊन ओढ्यात पडला, तो गेला. थॉमसीनची आई तर आधीच गेली होती. माझ्यात उरली एकटी थॉमसीन, चौतीस वर्षांची, आणि तिच्या फिरक्या.

मार्च महिन्यात हवेलीचे कारभारी गिडलीसाहेब आले. उंच टोपी, बारीक तोंड. त्यांनी काठीनं माझी भिंत ठोकून पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला.

"थॉमसीन, सात वर्षं समुद्रापार असलेल्या माणसाची खबर नसली तर कायद्यानं तो मेला. तुझा तिसरा जीव गेला म्हणायचा."

"खबर नाही म्हणजे मेली असं थोडंच आहे, साहेब?"

"मग आण की तिला! नोव्हेंबरात कचेरी भरेल तेव्हा पंचांसमोर उभी कर. नाहीतर घर हवेलीचं. जमीनदारांना बग्गीची वाट सरळ करायची आहे, आणि हे घर नेमकं मध्ये येतं."

मित्रांनो, पाडणार होते मला! आपल्या मरणाची तारीख आपल्याच दारात उभं राहून कुणी सांगतं तेव्हा कसं वाटतं, काय सांगू! आणि थॉमसीन कुठे जाणार होती? गावात दुसरं रिकामं घर नव्हतं. उरलं होतं ते गरिबांचं आश्रयगृह, जिथे लेसची उशीसुद्धा आत नेऊ देत नसत.

थॉमसीननं त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं म्हणून मला पाठ आहे. "फिली, बाबा गेले, हम्फ्रीकाका गेले. आता कागदावर तुझंच नाव उरलं आहे. नोव्हेंबरच्या कचेरीआधी ये, नाहीतर घर जातं." एप्रिलमध्ये निघालेल्या जहाजाबरोबर ते पत्र गेलं. आणि मग सुरू झालं वाट बघणं! मे, जून, जुलै. थॉमसीन विणता विणता उठायची, दारात यायची, रस्ता बघायची, पुन्हा बसायची. तिनं त्या उन्हाळ्यात जेवढे धागे चुकवले तेवढे जन्मात चुकवले नव्हते. ऑक्टोबरात जहाजं यायला हवी होती. वादळामुळे एकही आलं नाही.

कचेरीचा दिवस उजाडला. आमच्याकडची रीत अशी, की ताबा घ्यायचा तर कारभाऱ्यानं बारा पंच घेऊन दारात यायचं, कागदावरच्या जिवाला तीनदा नावानं हाक मारायची, आणि उत्तर आलं नाही तर छपराचं मूठभर काड उपटून घ्यायचं. काड हातात आलं की घर हवेलीचं.

आले! बारा पंच, सगळे गावातलेच, मान खाली घातलेले. त्यांचा म्होरक्या लोहार एन्डाकॉट. तो थॉमसीनजवळून जाताना हळूच म्हणाला, "काल संध्याकाळी टीनमथला एक जहाज लागलंय. आमचा गाडीवाला तिकडेच होता. कोण आलं, कोण नाही, देव जाणे. जमेल तेवढा वेळ काढतो." थॉमसीन उंबऱ्यावर येऊन रस्ता बघू लागली. आणि मी? माझ्या छपरातल्या चिमण्यासुद्धा गप्प झाल्या होत्या.

"फिलिपा यो, जिवंत असशील तर हजर हो!" गिडलीसाहेबांनी पहिली हाक मारली.

रस्ता रिकामा.

"साहेब, नीट ऐकू नाही आलं," एन्डाकॉट म्हणाला. "ऐरणीपाशी राहून राहून माझे कान गेलेत. कागद एकदा वाचून दाखवता का? सगळा."

गिडलीसाहेबांनी दात ओठ खात सगळा कागद वाचला. मग एका पंचाला खोकला आला. असा खोकला, की दोघांनी पाठ चोळली आणि तिसरा पाणी आणायला गेला तो विहिरीवरच रमला. मी मनात म्हटलं, खोका बाबांनो, खोका!

"पुरे झाली नाटकं! फिलिपा यो, जिवंत असशील तर हजर हो!" दुसरी हाक.

दूर वळणावर गाडीवाल्याची गाडी दिसली! थॉमसीननं चौकट इतकी घट्ट धरली की माझी माती निघाली. पण गाडीपुढे मेंढ्यांचा कळप, आणि रस्ता तो असा अरुंद. गाडी जागच्या जागी उभी. गिडलीसाहेबांनीही ती पाहिली असावी, कारण त्यांनी घाईघाईनं हात वर करून माझ्या छपराचं काड धरलं.

"फिलिपा यो, जिवंत अस..."

"अरे, आहे, आहे! मेला तुझा आजा!"

तो आवाज! मित्रांनो, तो आवाज ऐकून माझ्या तुळया शहारल्या! मेंढ्या बाजूला ढकलत, घागरा गुडघ्यापर्यंत उचलून, लंगडत लंगडत एक रुंद बाई धावत येत होती. पिकलेले केस, उन्हानं रापलेलं तोंड, अंगाला खारवलेल्या माशांचा वास. तिनं येऊन गिडलीसाहेबांच्या मनगटावर सटकन चापट मारली. "सोड ते काड! छप्पर खाली आणतोस का?"

गिडलीसाहेब लालबुंद झाले. "ही फिलिपा यो कशावरून? पुरावा काय?"

"पुरावा?" फिली म्हणाली. "गिडल्या, तुला मी दहा वर्षांची असताना डुकरांच्या खुराड्यात ढकलला होता. पुन्हा ढकलून दाखवू?"

पंच जे हसत सुटले ते थांबेनात. एन्डाकॉट डोळे पुसत म्हणाला, "साहेब, हे तोंड डेव्हनमध्ये दुसरं नाही. आम्ही बाराही जण शपथेवर सांगतो, बाई जिवंत आहे."

वाचले! मी वाचले, थॉमसीन वाचली! त्या दुपारी गावात सफरचंदाच्या दारूचं पिंप फुटलं. मला तर वाटत होतं आपण जागेवरून उठून नाचावं.

पण पंच गेल्यावर घरात दोघीच उरल्या, आणि तिथे निराळंच निघालं. फिलीचा नवरा समुद्रात बुडाला होता. मूलबाळ नव्हतं. पाय बर्फात अर्धा गेला होता. ती चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "एकोणीस वर्षांनी मला एक पत्र आलं. त्यात एवढंही नव्हतं गं, की फिली, कशी आहेस."

थॉमसीननं मान खाली घातली. "मला घर हवं होतं. खोटं कशाला बोलू?"

"मला माहीत आहे. लहानपणापासून सगळ्यांना मी जिवंत हवी होते. मला ताप आला की तुझा बाप उशाशी बसायचा, तो या भिंतींसाठी. माझ्यासाठी एक तरी बसलं का?"

"आणि माझ्या बापाला मी जगेन असंसुद्धा वाटलं नव्हतं," थॉमसीन म्हणाली. "तू निदान कागदावर तरी होतीस."

मग फिलीनं बूट काढले आणि ती राहिली. किती वर्षं, माहीत आहे? अठ्ठावीस! गिडलीसाहेब गेले, जमीनदार गेले, फिली काही जाईना. पण मनातली अढीही जाईना. थॉमसीननं शाल आणली की ही म्हणे, "का गं, घराला थंडी वाजते वाटतं?" तिनं काढा केला की म्हणे, "भिंतींना खोकला झालाय का?" थॉमसीन फिरक्या उचले. काय करणार? फिली गेली की घर जाणार हे खरंच होतं. त्यामुळे थॉमसीनच्या मायेला पुरावा नव्हता, आणि हे मला सगळ्यांत जास्त टोचायचं.

मग नवे जमीनदार आले. त्यांना गावात राहायचंच नव्हतं. त्यांनी सगळी घरं विकायला काढली, आणि थॉमसीननं जन्मभराच्या लेसच्या कमाईतून मला विकत घेतलं! पहिल्यांदा, मित्रांनो, पहिल्यांदा माझ्यात राहणारं माणूस माझं मालक होणार होतं. तीन जिवांचा कागद रद्द. माझा आनंद छपरात मावेना.

सह्या करायला वकील येणार होते त्या सकाळी मी पाहिलं तर फिली आपलं बोचकं बांधत होती.

"हे काय?" थॉमसीननं विचारलं.

"सुटलीस तू. आता मी आज मेले तरी तुझी एक काडी जात नाही. जाते मी आश्रयगृहात. उगाच दुसऱ्याच्या घरात फुकटची कशाला?"

आणि आमची गरीब गाय थॉमसीन, जिचा आवाज मी जन्मात चढलेला ऐकला नव्हता, ती कडाडली. "खाली ठेव ते! अठ्ठावीस वर्षं टोमणे ऐकून घेतले तुझे, ते काय या मातीसाठी? तुझ्या पायाला तेल चोळताना मला घर आठवत होतं असं वाटतं तुला? तू दोन दिवस जत्रेला गेलीस तर मला घास उतरत नाही, मेले! मी भांडू कुणाशी, भिंतीशी?"

फिली काहीतरी म्हणणार, तेवढ्यात वकील आत आले. तरुण, घाईतले. त्यांनी कागद पसरला. "खरेदीदार थॉमसीन लक्स्टन. बरोबर? आणि ह्या दुसऱ्या बाई कोण? नात्यातल्या?"

"नाही," थॉमसीन म्हणाली.

"भाडेकरू?"

"नाही."

"नोकर? मग ह्यांचं काय लिहू मी? घरात राहणार असतील तर काहीतरी लिहायला हवं."

"मालकीण लिहा," थॉमसीन म्हणाली. "तिचं नाव आधी लिहा, मग माझं."

फिली यो, जिनं कारभाऱ्याला चापट मारली, जिनं समुद्राला दाद दिली नाही, ती बोचक्यावर मटकन बसली आणि लहान मुलीसारखी रडली. त्यानंतर ती सहा वर्षं जगली. तिच्या जगण्यावर आता कशाचाच भार नव्हता. थॉमसीन तरीही रोज शाल आणून तिच्या खांद्यावर टाके, आणि फिली एक शब्द न बोलता ती घट्ट ओढून घेई.

तर मित्रांनो, माझं छप्पर दर काही वर्षांनी शाकारा, पावसाचं पाणी माझ्या पायाशी साचू देऊ नका, एवढं मी मागतेच, म्हातारी आहे मी. पण माझ्यासारख्या घराला विकत घेताना नुसत्या भिंती मोजू नका. ज्यांच्या जिवावर त्या उभ्या राहिल्या त्यांची नावं विचारा. आणि तुमच्या घरात कुणाचं काम संपलं असेल, त्या माणसावाचून आता काहीच अडत नसेल, तर आजच्या आज त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला नुसतं एवढंच विचारा, कशी आहेस, कसा आहेस. उत्तर ऐकेपर्यंत उठू नका.